कवळीची मऊ अस्तरं: डागापेक्षा कडकपणा तपासा

कवळीच्या आतल्या बाजूला मऊ अस्तर लावायचं ठरलं की पहिला प्रश्न बहुधा रंगाचा येतो. चहाने काळपट पडेल का? कॉफीचे डाग निघतील का? प्रश्न रास्त आहे, पण अस्तर निकामी होतं ते बहुतेक वेळा वेगळ्याच कारणाने. डागाळलेलं अस्तर कितीतरी महिने हिरडीला आराम देत राहू शकतं, आणि दिसायला कोरं करकरीत अस्तर काही आठवड्यांत इतकं टणक होऊ शकतं की ते असून नसल्यासारखंच. म्हणून बाजारात मिळणाऱ्या अस्तरांकडे इथे दोन अंगांनी पाहिलं आहे. पेयं आणि काळ मिळून या पदार्थांचं नेमकं काय बिघडवतात, आणि त्यानुसार कोणाला कोणतं अस्तर द्यावं.

आधी प्रकार नीट वेगळे करून घेऊ, कारण दुकानात सगळ्यांनाच 'सॉफ्ट लायनर' म्हणतात आणि तिथूनच घोटाळा सुरू होतो. पहिला प्रकार टिश्यू कंडिशनरचा. व्हिस्को-जेल आणि कोए-कम्फर्ट ही त्यातली परिचित नावं. दुखावलेली, सुजलेली हिरडी सावरेपर्यंत काही दिवस वापरायचा हा पदार्थ. दुसरा प्रकार मऊ ॲक्रिलिकचा. कोए-सॉफ्टसारखी अस्तरं पावडर आणि लिक्विड कालवून खुर्चीशेजारीच लावतात आणि ती तात्पुरतीच असतात. व्हर्टेक्स सॉफ्टसारखी अस्तरं लॅबमध्ये उष्णता देऊन पक्की करतात, ती जास्त टिकतात. तिसरा प्रकार सिलिकॉनचा. यातही दोन वाटा आहेत. मोलोप्लास्ट-बी लॅबमध्ये उष्णतेने पक्कं होतं. जीसी रीलाइन सॉफ्ट, टोकुयामाचं सोफ्रेलायनर आणि वोकोचं युफी जेल ही सिलिकॉनं दोन पेस्ट मिसळून तोंडातच बसवता येतात.

या अस्तरांसाठी आयएसओ 10139 हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्याचा भाग 1 अल्पकाळच्या आणि भाग 2 दीर्घकाळच्या अस्तरांसाठी. मऊपणा शोअर ए या मोजपट्टीवर मोजतात. आकडा जितका लहान, तितका पदार्थ मऊ. 24 तासांनी 25 पर्यंत आकडा आला तर अतिमऊ, 25 ते 50 मध्ये आला तर मऊ. मानकात 28 दिवस पाण्यात ठेवल्यानंतरची मोजणीही मागितली आहे, आणि खरेदी करताना ती जास्त कामाची. पाकिटावर बहुधा पहिल्या दिवसाचा मऊपणा मिरवलेला असतो. विक्रेत्याकडे माहितीपत्रक मागा आणि त्यात 28 दिवसांचा आकडा शोधा. दोन आकड्यांमधली तफावत जितकी कमी, तितकं अस्तर भरवशाचं.

ॲक्रिलिक कडक का होतं

शुद्ध ॲक्रिलिक तोंडाच्या तापमानाला काचेसारखं कडक असतं. ते मऊ ठेवण्यासाठी त्यात प्लास्टिसायझर मिसळतात. हे मोठ्या रेणूंचं तेलकट द्रव्य पॉलिमरच्या, म्हणजे लांबलचक रेणूंच्या, साखळ्यांमध्ये शिरून त्यांना एकमेकींवरून सरकू देतं. अडचण अशी की प्लास्टिसायझर साखळ्यांना रासायनिकरीत्या जोडलेला नसतो, नुसता मध्ये अडकलेला असतो. लाळेत आणि पाण्यात तो हळूहळू बाहेर पडतो, आणि त्याच वेळी पाणी आत शिरतं. बागेतला नवा पाइप लवचिक असतो आणि काही उन्हाळ्यांनंतर मोडायला येतो, त्यामागेही बऱ्याच अंशी हेच कारण असतं. फरक एवढाच की तोंडात हे फार लवकर घडतं.

टिश्यू कंडिशनरमध्ये वेग आणखी जास्त. त्याच्या लिक्विडमध्ये प्लास्टिसायझरबरोबर इथाइल अल्कोहोल असतं, मोनोमर (ॲक्रिलिकचा सुटा मूळ रेणू) नसतो. अल्कोहोलमुळे द्रव पावडरच्या कणांत लवकर शिरतो आणि काही मिनिटांत जेल तयार होतं. हेच अल्कोहोल पहिल्या एक-दोन दिवसांत बरंचसं निघून जातं आणि पदार्थ लगेच घट्ट होऊ लागतो. त्यामुळे टिश्यू कंडिशनर तीन-चार दिवसांपासून आठवड्याभरात बदलायचं असतं. दोन आठवड्यांपलीकडे ते ठेवणं म्हणजे हिरडी बरी करायला लावलेल्या पदार्थाने हिरडी घासत राहणं. पावडर जास्त घालून घट्ट कालवलं तर लावायला सोपं जातं, पण वाहणं कमी होतं आणि हिरडीचा खरा आकार घेण्याआधीच ते थिजतं. उत्पादकाने दिलेल्या मापाने कालवा, अंदाजपंचे नको.

आता पेयं. साधं पाणी प्लास्टिसायझर काढतं, पण सावकाश, कारण हे पदार्थ पाण्यात फारसे विरघळत नाहीत. अल्कोहोलमध्ये ते सहज विरघळतात. त्यामुळे मद्य, विशेषतः 40 टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल असलेलं कडक मद्य, मऊ ॲक्रिलिकचा मोठा शत्रू. वाइनमध्ये अल्कोहोल साधारण 12 टक्के, तिथे हा परिणाम सौम्य असतो, रंगाचा त्रास मात्र जास्त. अल्कोहोल असलेला माउथवॉशही याच हिशेबात धरायला हवा. मद्याला हात न लावणारी माणसंही माउथवॉश दिवसातून दोनदा वापरतात आणि वर कवळी त्यातच भिजत घालतात. मऊ ॲक्रिलिक अस्तर असेल तर अल्कोहोल नसलेलाच माउथवॉश घ्या. स्निग्ध पदार्थांतही प्लास्टिसायझर विरघळतो, म्हणून तेलकट जेवण झाल्यावर कवळी नुसती खळखळून न धुता मऊ ब्रशने आतूनही धुवावी.

गरम पेयांचा हिशेब वेगळा. तापमान वाढलं की प्लास्टिसायझर बाहेर पडण्याचा वेगही वाढतो. शिवाय गरम-थंड असं सतत होत राहिलं की अस्तर आणि कवळी यांच्यातल्या सांध्यावर ताण येतो. प्रयोगशाळेत हीच गोष्ट थर्मोसायकलिंगने घडवतात. नमुने 5 अंश आणि 55 अंश सेल्सिअसच्या पाण्यात आलटूनपालटून बुडवायचे. 10,000 फेऱ्या म्हणजे तोंडातलं साधारण एक वर्ष, असा हिशेब सर्रास धरला जातो. तो ढोबळ अंदाज आहे हे विसरू नये. एखादं उत्पादन '10,000 फेऱ्यांना टिकलं' असा दावा करत असेल, तर त्या फेऱ्यांत चावण्याचा दाब, बुरशी आणि सफाईची रसायनं नव्हती, एवढं ध्यानात ठेवूनच तो वाचावा.

डाग कोण पाडतं

रंगातला बदल डेल्टा ई या एककात मोजतात. रंगाच्या तीन अक्षांवरचा आधीचा आणि नंतरचा फरक एका आकड्यात मांडायची ही रीत. आकडा 1 च्या जवळ असेल तर तयार डोळ्यालाही फरक जेमतेम कळतो. 3.3 च्या वर गेला तर बदल नजरेला खुपतो, असं दंतसाहित्याच्या अभ्यासात पूर्वीपासून मानत आले आहेत. अलीकडे याहून कडक मर्यादाही वापरतात. जाहिरातीत किंवा अहवालात नुसता 'रंग टिकतो' असा शेरा असेल आणि आकडा नसेल, तर त्या शेऱ्याला फारसं वजन देऊ नका.

चहा आणि कॉफी सारखेच डाग पाडतात, हा समज बरोबर नाही. चहातली रंगद्रव्यं मुख्यतः पृष्ठभागाला चिकटतात, त्यामुळे ब्रशने घासून बरीचशी निघतात. कॉफीतली काही पिवळी रंगद्रव्यं कमी ध्रुवीय, म्हणजे पाण्याशी कमी जुळणारी, असतात. ती रेझिनसारख्या पॉलिमरशी जुळवून घेतात आणि पृष्ठभागाखाली शिरतात. एकदा आत मुरली की घासून उपयोग नाही, उलट जोर लावून घासलं तर पृष्ठभाग खरवडला जातो आणि पुढचे डाग आणखी घट्ट बसतात. चहात दूध घातलं तर दुधातलं केसिन हे प्रथिन चहातल्या टॅनिन या तुरट द्रव्यांना बांधून ठेवतं आणि डाग कमी पडतात. कोरा चहा पिणाऱ्याने घोटभर पाण्याने चूळ भरण्याची सवय लावली तरी पुष्कळ फरक पडतो.

कोलासारख्या पेयाचा पीएच 2.5 च्या आसपास, म्हणजे चांगलाच आम्लधर्मी. तरीही रंग चढवण्यात कोला बहुधा कॉफीच्या मागेच राहतो. त्याची खरी हानी दुसरीकडे आहे. साखर आणि आम्ल एकत्र आले की कँडिडा बुरशीला मानवतं, आणि मऊ अस्तराचा खडबडीत पृष्ठभाग तिला आयती जागा देतो. फळांच्या गोड रसांचंही तेच. पृष्ठभागाचा खडबडीतपणा 0.2 मायक्रोमीटरच्या खाली असेल तर आणखी गुळगुळीत करून जंतूंच्या थरात फरक पडत नाही, असं सर्वसाधारणपणे मानतात. मऊ अस्तरं या मर्यादेच्या आत क्वचितच असतात, आणि प्लास्टिसायझर निघून गेल्यावर उरलेल्या बारीक पोकळ्यांनी तर नसतातच. अस्तरावरचा काळपट ठिपका दर वेळी चहाचाच असतो असं नाही. तो पृष्ठभागाखाली शिरलेल्या बुरशीचाही असू शकतो. ब्रशने न निघणारा, कडा पसरट असलेला आणि वास येणारा ठिपका दिसला तर डाग म्हणून सोडून देऊ नका.

एक डाग मात्र औषधातून येतो. क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाचा माउथवॉश वापरून लगेच चहा किंवा कॉफी घेतली की टॅनिनशी त्याचा संयोग होतो आणि तपकिरी थर बसतो. हिरडीच्या उपचारासाठी क्लोरहेक्सिडिन दिलं असेल तर ते दिवसातल्या शेवटच्या पेयानंतर, रात्री वापरणं सोयीचं.

आणखी एक गोष्ट पेयांच्या चाचण्या वाचताना आम्हाला फार महत्त्वाची वाटते. प्रयोगशाळेत अस्तराची चकती सगळ्या बाजूंनी पेयात बुडवून ठेवतात, तीही तासन् तास, कधी कित्येक दिवस. तोंडात अस्तर हिरडीकडे तोंड करून असतं. पेय थेट लागतं ते कडेच्या पट्टीला, आणि आत झिरपतं ते थोडंसं. म्हणून त्या चाचण्यांतला आकडा तसाच्या तसा तोंडाला लावू नये. कोणतं अस्तर कोणापेक्षा सरस, एवढ्यापुरताच तो खरा. याचा दुसरा अर्थ असा की कडा हीच पहारा ठेवायची जागा. रंग, कडकपणा आणि सुटणं, तिन्हींची सुरुवात तिथूनच होते.

सिलिकॉन: मऊ राहतं, पण चिकटून राहतं का

सिलिकॉनचा मऊपणा उसना नसतो. त्याच्या रेणूची साखळी सिलिकॉन हे मूलद्रव्य आणि ऑक्सिजन यांची, मुळातच लवचिक. त्यामुळे प्लास्टिसायझर निघून जाण्याचा प्रश्न उद्भवत नाही. पाणी कमी शोषलं जातं आणि महिनोन् महिने कडकपणात फारसा बदल होत नाही. मद्य, चहा, कॉफी, कोला या सगळ्यांसमोर मऊपणा टिकवण्यात सिलिकॉन मऊ ॲक्रिलिकपेक्षा सरळ पुढे आहे, आणि याबाबत आम्हाला शंका नाही.

त्याचं दुखणं आहे सांधा. कवळी पॉलिमिथाइल मेथाॲक्रिलेटची, म्हणजे कडक ॲक्रिलिकची, अस्तर सिलिकॉनचं. दोघांचं रसायन एकमेकांशी जमत नाही. मऊ ॲक्रिलिक कवळीच्या ॲक्रिलिकमध्ये विरघळल्यासारखं मिसळतं, सिलिकॉनला मात्र मधे प्राइमर, म्हणजे दोघांना जोडणारा पातळ लेप, लागतो. शिवाय उष्णतेने सिलिकॉन कवळीपेक्षा दुपटीहून जास्त प्रसरण पावतं, म्हणजे गरम कॉफीच्या प्रत्येक घोटाला सांध्यावर ओढ बसते. सांध्याची ताकद किमान 0.44 मेगापास्कल असावी, असा आकडा अभ्यासांत वापरला जातो. चांगली सिलिकॉनं नवी असताना याच्या बरीच वर असतात. प्रश्न पाण्यात आणि गरम-थंडात राहिल्यानंतरचा असतो, आणि तिथे लावणाऱ्याचा हात उत्पादनाच्या नावाइतकाच मोलाचा ठरतो.

खुर्चीशेजारी लावायच्या सिलिकॉनमध्ये काम बिघडतं ते पुढच्या ठिकाणी. कवळीची आतली बाजू आणि कडा साधारण 2 मिलिमीटर घासून काढाव्या लागतात. अस्तर 2 ते 3 मिलिमीटर जाड नसेल तर गादीचं काम होतच नाही, दाब सरळ हाडावर जातो. पण घासून उरलेली कवळीही निदान 2 मिलिमीटर हवी, नाहीतर खालची कवळी मधोमध तडकते. जागाच नसेल तर मऊ अस्तराचा हट्ट सोडलेला बरा. घासून झाल्यावर धूळ पूर्ण काढायची आणि पृष्ठभाग कोरडा करायचा. त्यानंतर त्याला बोट लावायचं नाही. प्राइमर एकच पातळ हात, आणि माहितीपत्रकात सांगितलेला वेळ पूर्ण वाळू द्यायचा. घाईत ओल्या प्राइमरवर सिलिकॉन ओतलं की द्रावक अडकतो आणि महिन्याभरात कड उचलली जाते. प्राइमर जाड लावला तर तो थर स्वतःच फाटतो.

लॅटेक्सच्या हातमोज्यांचा मुद्दा फार दुर्लक्षित आहे. त्यातलं गंधक या सिलिकॉनच्या प्लॅटिनम उत्प्रेरकाला निकामी करतं. हातमोजा लागला तिथे अस्तर चिकट राहतं, कधीच नीट पक्कं होत नाही. नायट्राइल किंवा व्हिनाइलचे हातमोजे घ्यावेत. कार्ट्रिजमधून येणारा पहिला वाटाण्याएवढा भाग टाकून द्यायचा, कारण त्यात दोन्ही पेस्टचं प्रमाण सारखं असेलच असं नाही. तोंडात बसवल्यावर दात हलकेच मिटायला सांगून गाल आणि ओठ हलवून घ्यायचे. पक्कं झाल्यावर जादा भाग धारदार पात्याने कापायचा, ओढून तोडायचा नाही. कापलेली कड खडबडीत राहते आणि पेय सर्वात आधी तिथेच शिरतं. त्यामुळे सोबत येणारं ग्लेझ (पृष्ठभाग गुळगुळीत करणारा लेप) कडेला लावल्याशिवाय काम संपवू नये. ही पायरी सगळ्यात जास्त वेळा गाळली जाते.

मोलोप्लास्ट-बीसारखं लॅबचं सिलिकॉन या सगळ्या कटकटींतून बरंचसं सुटतं. एकच पेस्ट असल्याने मिसळण्यात चूक नाही, हवेचे बुडबुडे कमी, आणि दाबाखाली उकळत्या पाण्यात सुमारे 2 तास पक्कं केल्यामुळे सांधाही दमदार. मोबदल्यात कवळी लॅबला द्यावी लागते आणि तेवढा काळ तोंड रिकामं ठेवावं लागतं. दुरुस्ती आणि नंतर कड घासून कमी करणंही कठीण, कारण सिलिकॉन ॲक्रिलिकसारखं पॉलिश घेत नाही.

तोंड कोरडं असणाऱ्यांसाठी एक सावधगिरी. सिलिकॉनला पाणी नीट पसरून ओलं करत नाही, म्हणून लाळ कमी असेल तर ते हिरडीवर खेचल्यासारखं वाटतं. अशा माणसाला कवळी बसवण्यापूर्वी अस्तर पाण्याने ओलं करायला सांगा, आणि पहिल्या आठवड्यात हिरडी तपासा.

धुणं, भिजवणं, बदलणं

गरम पाणी कोणत्याही अस्तराला नको. खळखळ बुडबुडे काढणाऱ्या गोळ्या मऊ ॲक्रिलिकवर, आणि टिश्यू कंडिशनरवर तर नक्कीच, पृष्ठभाग खडबडीत करतात. सोडियम हायपोक्लोराइट बुरशीवर प्रभावी आहे, पण सौम्य द्रावणात 10 मिनिटांहून जास्त नको, आणि कवळीला धातूचे हुक किंवा सांगाडा असेल तर मुळीच नको, धातू गंजतो. ब्रश मऊ हवा, आणि दातांची पेस्ट नको, कारण तिच्यातले घासकण अस्तरावर ओरखडे काढतात. पातळ साबणाचं पाणी पुरतं. रात्री कवळी काढून साध्या थंड पाण्यात ठेवावी. तेवढे तास हिरडीलाही विश्रांती मिळते.

आमची निवड अशी. हिरडी दुखावली असेल तर टिश्यू कंडिशनर, पण बदलायची तारीख लिहूनच. काही आठवड्यांपुरता आराम हवा असेल, किंवा इम्प्लांट बसवल्यानंतर तिथे काही काळ दाब टाळायचा असेल, तर खुर्चीशेजारचं मऊ ॲक्रिलिक. स्वस्त, लवकर होणारं आणि सहज काढता येणारं. रोज मद्य घेणाऱ्या किंवा दिवसभर गरम पेयं पिणाऱ्या माणसाला हे दिलं तर बदलण्याचा कालावधी आखूड धरावा. त्यावर सीलरचा, म्हणजे संरक्षक लेपाचा, हात दिला तर प्लास्टिसायझर निघणं लांबतं, पण सीलर झिजतो, म्हणून तो पुन्हा लावावा लागतो. खालच्या जबड्याचं हाड झिजून धारदार झालेलं असेल आणि अस्तर कायमचं हवं असेल तर लॅबचं सिलिकॉन पहिलं, खुर्चीशेजारचं दुसरं. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या घरगुती गाद्या आणि चिकटवायचे संच आम्ही कोणालाच सुचवणार नाही. त्यांनी चाव्याची उंची बदलते, दाब एका जागी येतो आणि हाड लवकर झिजतं.

अस्तर बदलायची वेळ ओळखायला डेंटिस्टने बोथट अवजाराच्या टोकाने ते दाबून पाहावं. खळगा पडून लगेच भरून आला तर ठीक. खळगाच पडत नसेल तर ते कडक झालं आहे, आणि खळगा तसाच राहत असेल तर लवचिकता गेली आहे. घरी पाहायचं ते एवढंच: कड नखाला लागून उचलली जाते का, पृष्ठभाग खरखरीत लागतो का, धुऊनही वास राहतो का. सुटलेली कड घरच्या गोंदाने चिकटवू नका. तो गोंद तोंडासाठी नसतो, आणि नंतर त्या जागी प्राइमर धरत नाही. जुन्या सिलिकॉनवर नवा थर चढवून चालत नाही. सगळं अस्तर काढून, खालची कवळी पुन्हा घासून, तडे पाहून मगच नवीन लावायचं.